चश्म

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते, बाहेर संततधार लागली होती आणि मी कानात हेडफोन घालून लॅपटॉपवर 'सारा' पाहत बसले होते. दारियुश मेहरजुई यांचा हा इराणी चित्रपट मी त्याआधी तीनदा पाहिला होता. त्या दिवशी तो पुन्हा का लावला याला काही कारण नव्हते, एवढेच की पावसात मला माहितीचा चित्रपट पाहायला बरे वाटते. आईला झोप येत नव्हती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला दोन महिने होऊन गेले होते, तरी ती अजून अंधारात भिंतीला हात लावूनच चालायची. तशीच चाचपडत ती आली, माझ्या शेजारी बसली आणि पडद्याकडे पाहू लागली. तिला आवाज ऐकू येत नव्हता, खालची इंग्रजी अक्षरे वाचण्याचा प्रश्नच नव्हता आणि गोष्ट तिला कुणी सांगितलेली नव्हती. पडद्यावर डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण मुलगी रात्रीच्या वेळी पांढऱ्या झग्यावर वाकून एकेक मोती शिवत होती. आई दोन-तीन मिनिटे नुसती पाहत राहिली आणि म्हणाली, "हिला चष्मा लागणार बघ."

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने ती उठून झोपायला गेली. चित्रपटात पुढे नेमके तेच होते. साराचे डोळे अधू होत जातात आणि तिला चष्मा लागतो. पण मी त्या रात्री तिथवर पोहोचलेच नाही. लॅपटॉप मिटून अंधारात बसून राहिले. आईचे वाक्य अगदी साधे होते, आणि तीन वेळा पाहूनही ते मला एकदाही सुचले नव्हते.

'सारा' मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यातल्या एका फिल्म सोसायटीच्या खेळात, कॉलेजात असताना. खेळ संपल्यावर चर्चा झाली. ती बरीच चांगली झाली असे तेव्हा वाटले होते. नॉर्वेजियन नाटककार इब्सेनच्या १८७९ सालच्या 'अ डॉल्स हाउस'मधल्या नोराला मेहरजुईंनी तेहरानमध्ये कसे आणले, पतीच्या उपचारांसाठी तिने गुपचूप काढलेले कर्ज, त्या कर्जाच्या कागदावरची खोटी सही, पतीच्या बँकेतला तो माणूस, हे सगळे कुठे जुळते आणि कुठे बदलते, यावर जाणकार बोलले. कुणीतरी अनंत काणेकरांच्या 'घरकुल'ची आठवण काढली. नोरा मराठी रंगभूमीवर १९४१ सालीच येऊन गेली होती आणि लगोलग रांगणेकरांच्या 'कुलवधू'तल्या भानुमतीवरही तिची सावली पडली होती, हे मला त्याच संध्याकाळी कळले. शेवटी सारा मुलीला घेऊन घराबाहेर पडते, नोरा मात्र मुलांना मागे ठेवून जाते, या फरकावर तर वादच झाला. मी वही काढून टिपणे घेत होते. त्या वहीत दार आहे, सही आहे, कर्ज आहे, कायदा आहे. डोळ्यांविषयी एक अक्षर नाही.

मूळ नाटकातली नोरा कर्ज फेडण्यासाठी नक्कल करण्याचे काम करते, रात्री दार लावून लिहीत बसते, आणि हे सगळे आपल्याला तिच्या बोलण्यातून कळते. मेहरजुईंनी त्या कामाला हात दिले, सुई दिली, दुसऱ्यांच्या लग्नाचे पांढरे कपडे दिले आणि ते प्रेक्षकांसमोर आणून ठेवले. ते पेलायला तसा चेहराही लागतो. साराची भूमिका करणारी निकी करीमी तेव्हा एकविशीच्या आसपास होती. त्या चित्रपटात तिला फारसे मोठे बोलणे नाही. ती सुईत दोरा ओवते, मान अवघडली की खांदा उचलते, कुणाची चाहूल लागली की मांडीवरचे शिवण लपवते. या भूमिकेसाठी १९९३ साली स्पेनमधल्या सान सेबास्तियान चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. आता मागे वळून पाहताना वाटते, की तिथल्या परीक्षकांना जे दिसले ते आणि माझ्या आईला जे दिसले ते, दोन्ही एकच असावे.

आईला ते का दिसले, हे मला माहीत असायला हवे होते.

आमच्या घरी आई साड्यांना फॉल लावायची. मी आठवी-नववीत असल्यापासून ते मी नोकरीला लागेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे. गावातल्या एका साडीच्या दुकानातून दर दोन दिवसांनी गठ्ठा यायचा. आई फॉल आधी पाण्यातून काढायची, म्हणजे नंतर आटून साडीला चुण्या पडत नाहीत. मग तो दोरीवर वाळवायची, इस्त्री करायची आणि रात्री स्वयंपाकघर आवरले की शिवायला बसायची. मशीनने लावलेला फॉल सुळसुळीत साडीला ओढ आणतो, म्हणून चांगल्या साड्यांना हातशिलाईच हवी असे. टाका उलट्या बाजूने घ्यायचा आणि साडीचा फक्त एक धागा उचलायचा. दोन उचलले तर सुलट्या बाजूला ठिपका दिसतो आणि दुकानदार साडी परत पाठवतो. एका फॉलचे पाच रुपये मिळत. गडद रंगाच्या साड्या ती दिवसा उजेडी करायची, कारण काळ्यावर काळा दोरा रात्री दिसत नाही. टेबलावरचा दिवा ती नेहमी डाव्या बाजूला ठेवायची. उजव्या बाजूला ठेवला तर आपल्याच हाताची सावली टाक्यावर पडते. मी त्याच दिव्याच्या उरलेल्या उजेडात अभ्यास करायचे. म्हणजे आम्ही दोघी रोज रात्री एकाच दिव्याखाली बसायचो आणि मी पुस्तकात बघायचे.

घरात सगळे म्हणायचे की हिला शिवणाची आवडच आहे. आत्या म्हणायची, बाबा म्हणायचे, मीही म्हणायचे. माझ्या कॉलेजची फी कुठून जात होती हे मला ठाऊक होते, तरीही मी तेच म्हणायचे. आईनेही कधी ते खोडून काढले नाही. चाळिशीच्या आधीच तिला जाड चष्मा लागला, तेव्हा आमच्याकडे त्याचा संबंध वयाशी लावला गेला.

त्या रात्रीनंतर काही दिवस मला 'चष्मा' हा शब्दच सोडेना. तो आपल्याकडे फारसीतून आला. मूळ शब्द 'चश्म', म्हणजे डोळा. गंमत अशी की इराणमध्ये नाकावर लावायच्या चष्म्याला 'एनक' म्हणतात आणि 'चश्मे' म्हणजे पाण्याचा झरा. पण याहून मला अडवून ठेवले ते त्यांच्या रोजच्या बोलण्यातल्या एका लकबीने. तिथे कुणी काही काम सांगितले, की ऐकणारा एकच शब्द उच्चारतो, 'चश्म'. तुमचे म्हणणे माझ्या डोळ्यांवर, असा त्याचा भाव. आपण आज्ञा शिरसावंद्य म्हणतो, म्हणजे ती डोक्यावर घेतो, आणि ते डोळ्यांवर घेतात. इराणी चित्रपट मूळ आवाजात ऐकण्याची सवय झाली, की हा शब्द किती वेळा येतो ते कळते. मुलगी वडिलांना म्हणते, नोकर मालकाला म्हणतो, बायको नवऱ्याला म्हणते. दिवसभर डोळ्यांवर घ्यायचे आणि रात्री त्याच डोळ्यांनी मोती शिवायचे, असे मनात आले आणि मग ते मनातून गेले नाही.

फारसीतून आलेला दुसरा शब्द 'पडदा'. तोही दोन्ही भाषांत दोन कामे करतो. बाई झाकतो तोही पडदा आणि बाई दाखवतो तोही पडदा. निकी करीमीची सगळी कारकीर्द या दोन अर्थांच्या मध्ये घडली असे मला वाटते. तिचा जन्म १९७१ सालचा, तेहरानमधला. १९७९ची इस्लामी क्रांती झाली तेव्हा ती शाळेत होती, आणि ती मोठी होत होती तोवर इराकशी युद्ध चालू होते. त्या काळात इराणी पडद्यावर बाई जवळजवळ नव्हतीच. असली तरी मागे कुठेतरी, चहाचा ट्रे घेऊन जाणारी, लांबून दिसणारी. तिचा चेहरा जवळून दाखवणे टाळले जाई. नियमांमागचा तर्क असा, की प्रेक्षागृहात बसलेला माणूस हा पडद्यावरच्या स्त्रीचा नात्याचा नाही, म्हणून तो परका, आणि परक्यासमोर केस झाकलेलेच हवेत. त्यामुळे चित्रपटातली बाई स्वतःच्या घरात, स्वतःच्या निजायच्या खोलीत, स्वतःच्या नवऱ्यासमोरही रुमाल बांधूनच वावरते. ते घर तिचे नसतेच, कारण त्यात कॅमेरा आहे आणि कॅमेरा परका आहे. पती-पत्नीची भूमिका करणारे दोघे खऱ्या आयुष्यात पती-पत्नी नसतील तर एकमेकांना स्पर्श करू शकत नाहीत. 'सारा'मध्ये पत्नी आजारी पतीची सेवा करते ती याच अटीत राहून. पहिल्यांदा पाहताना मला ते खोटे वाटले होते. आता तो चित्रपट पाहताना त्या दोघांमधले हातभर अंतरच मला त्यांच्या लग्नाचे सगळ्यात खरे चित्र वाटते.

बेहरूझ अफखमी यांच्या 'अरूस' या चित्रपटाने, म्हणजे 'वधू'ने, १९९०च्या सुमारास हे सगळे हलवले. एक तरुण जोडपे, त्यांचे प्रेम, गाडीचा प्रवास, आणि नायिकेचा चेहरा जवळून, थांबून, मनसोक्त दाखवलेला. क्रांतीनंतर कितीतरी वर्षांनी इराणी प्रेक्षकांना पडद्यावर 'तारका' म्हणावी अशी कुणी दिसली, आणि लोकांनी गर्दी केली. तो चेहरा निकी करीमीचा होता. विशीही न ओलांडलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर दहा वर्षांची उपासमार येऊन पडली, असे मला वाटते. तिच्याकडे पाहणाऱ्या लाखो डोळ्यांचे तिने काय केले असेल? अशा वेळी पुढचा रस्ता ठरलेला असतो. तीच वधू पुन्हा पुन्हा व्हायची. तिने 'सारा' स्वीकारला, त्यानंतर मेहरजुईंचाच 'परी' केला, आणि वधूच्या कपड्यांवर रात्रभर मोती शिवणारी बाई तिने इतक्या मन लावून उभी केली, की लोक 'अरूस' विसरले नाहीत, पण तिला त्यात कोंडूनही ठेवू शकले नाहीत.

नंतर आल्या दिग्दर्शिका तहमिने मिलानी आणि त्यांच्या चित्रपटांतल्या फेरेश्ते. १९९९चा 'दोन स्त्रिया' आणि २००१चा 'दडलेला अर्धा भाग', दोन्हींत करीमीच्या भूमिकेचे नाव तेच. पहिल्यात विद्यापीठात वास्तुकला शिकणारी हुशार मुलगी एका माथेफिरूच्या पाठलागात आणि मग एका संशयी नवऱ्याच्या घरात अडकते. दुसऱ्यात न्यायाधीशाची पत्नी आपला दडवलेला भूतकाळ कागदावर लिहून काढते आणि प्रवासाला निघालेल्या नवऱ्याच्या सामानात ठेवून देते, कारण तो एका कैदी स्त्रीचे म्हणणे ऐकायला निघालेला आहे. या दुसऱ्या चित्रपटापायी मिलानींना त्याच वर्षी अटक झाली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष खातमी यांनी मध्ये पडल्यावर त्या काही दिवसांनी सुटल्या. या चित्रपटांनी इराणी बायकांच्या मनातले किती बाहेर काढले असेल याची मी कल्पना करू शकते, आणि मिलानींच्या धैर्यापुढे मान लवते. पण कलाकृती म्हणून ते मला थोडे मोठ्या आवाजातले वाटतात. त्यांत बाईला सगळे बोलून दाखवावे लागते, पत्रात लिहावे लागते, पुरावे द्यावे लागतात. प्रत्येक फेरेश्ते आपली बाजू मांडत असते. करीमीने ती बाजू जीव ओतून मांडली. रडून लाल झालेले तिचे डोळे त्या काळच्या इराणी सिनेमाची खूणच झाले होते.

आणि मग, तिशीच्या उंबरठ्यावर, ती उठून कॅमेऱ्याच्या मागे गेली.

याला फक्त नाराजी किंवा महत्त्वाकांक्षा म्हणून चालणार नाही. तिची तयारी बरीच आधी सुरू झाली होती. ती वाचणारी बाई आहे. मार्लन ब्रँडोचे आत्मचरित्र तिने फारसीत आणले, आणि एका नटीने एका नटाचे आयुष्य ओळ-ओळ आपल्या भाषेत लिहून काढणे हाही एक अभ्यासच. ती छायाचित्रे काढते. दिग्दर्शक अब्बास किआरोस्तमींच्या सहवासात ती चित्रपट करण्याची दुसरी रीत शिकली. तिचे पहिले दिग्दर्शन म्हणजे २००१चा एक माहितीपट, मूल होत नसलेल्या जोडप्यांवरचा. हा विषय मला फार बोलका वाटतो. जिचा चेहरा सगळ्या देशाला पाठ, तिने पहिल्यांदा कॅमेरा हातात घेतला तो अशा बायकांकडे वळवला, ज्यांच्याकडे सगळे एकाच प्रश्नाने पाहतात. पाहिले जाण्याचा भार काय असतो हे तिला शिकवावे लागले नसेल.

तिचा पहिला कथापट 'यक शब', म्हणजे 'एक रात्र', २००५ साली कान महोत्सवात दाखवला गेला. ज्या विभागात तो होता त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थच 'एक विशिष्ट नजर' असा आहे. गोष्ट एवढीशी आहे. नेगार नावाची तरुण मुलगी आईसोबत राहते. एके दिवशी आई तिला सांगते की आजची रात्र तू बाहेर काढ. घरी कुणी पुरुष येणार आहे. एकट्या मुलीने रात्री जायचे कुठे? हॉटेलात एकटीला सहज खोली मिळत नाही, रस्त्यावर थांबता येत नाही. म्हणून ती चालत राहते आणि एकामागून एक तीन पुरुषांच्या गाड्यांत बसते. ते बोलतात. आपापल्या बायकांविषयी, प्रेमाविषयी, फसवणुकीविषयी. ती ऐकते. नेगार झालेल्या हानिये तवस्सोलीचा चेहरा रस्त्यावरच्या दिव्यांत उजळतो, विझतो, पुन्हा उजळतो. गाडीत बसवून माणसे बोलती करणे ही किआरोस्तमींची खास वाट, आणि त्यांच्या शिष्येवर ती दिसणारच. पण तिथे बहुधा गाडी चालवणाऱ्याच्या मनात आपण शिरतो. इथे आपण शेजारच्या जागेवर बसतो, हात मांडीवर घेऊन, दाराच्या कडीकडे अधूनमधून पाहत. रात्री उशिरा अनोळखी रिक्षात बसलेल्या कुठल्याही बाईला ते बसणे माहीत आहे.

मला हा चित्रपट पुन्हा पुन्हा आठवतो तो यासाठी, की यात कुणीही नेगारला तिची कैफियत विचारत नाही आणि ती देत नाही. फेरेश्तेने जे पानेच्या पाने लिहून सांगितले, ते सांगण्याची सक्ती करीमीने आपल्या पहिल्याच नायिकेवरून काढून घेतली. इतकी वर्षे आपल्या चेहऱ्याने दुसऱ्यांचे बोलणे बोलून झाल्यावर, कदाचित त्या चेहऱ्याला गप्प राहू देणे हेच तिला सर्वांत आधी करावेसे वाटले असेल. हे माझे वाचन आहे. तिच्या मनात काय होते ते तिलाच ठाऊक. इराणमध्ये 'यक शब'ला प्रदर्शनाचा परवाना मिळाला नाही. ज्या शहराची ती रात्र होती, त्या शहराने ती चित्रपटगृहात पाहिली नाही.

पुढच्या 'काही दिवसांनंतर'मध्ये तिने दिग्दर्शनही केले आणि मुख्य भूमिकाही. ग्राफिक डिझाइनचे काम करणारी, एकटेपणाने थकलेली बाई. दरम्यान २००७ साली ती कानमध्ये विद्यार्थ्यांच्या आणि लघुपटांच्या विभागाची परीक्षक होती, म्हणजे आता दुसऱ्यांची नजर पारखायलाही तिला बोलावले जात होते. २०११च्या 'सूत-ए-पायान'मध्ये, म्हणजे 'शेवटची शिट्टी'मध्ये, ती पुन्हा स्वतःच नायिका झाली. या वेळची नायिका चित्रपट करणारी बाई आहे. काम करता करता तिची गाठ एका मुलीशी पडते, जिच्या आईला खुनासाठी फाशी होणार आहे आणि मृताच्या नातलगांनी रक्तमूल्य घेऊन माफ केले तरच ती वाचेल. मग पैसे जमवण्याची धावपळ, दारोदार जाणे, वेळ संपत जाणे. हा चित्रपट मला पूर्ण पटला नाही, कारण त्यात सांगायचे फार आहे आणि ते सांगण्याची घाई त्याहून जास्त. तरी त्यातली एक बोच खरी आहे. कॅमेरा हातात असलेली बाई दुसऱ्या बाईच्या दुःखापुढे उभी राहते, तेव्हा तिने आधी काय करावे, चित्रण की मदत? करीमीने हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या अंगावर ढकलला नाही. ती भूमिका तिने स्वतः केली. २०१५च्या 'रात्रपाळी'त मात्र मध्यभागी लैला झारे ही अभिनेत्री आहे आणि तिला हळूहळू कळत जाते की शेजारी झोपणारा नवरा आपल्याला वाटतो तो राहिलेला नाही.

मी हे सगळे लिहिते आहे म्हणजे ती मेहरजुईंच्या किंवा किआरोस्तमींच्या तोलाची दिग्दर्शिका आहे असे मला म्हणायचे आहे, असे कुणी समजू नये. तिचे चित्रपट कमी-जास्त आहेत, काही ठिकाणी सैल आहेत. पण तिच्याकडे पाहण्याची जी जागा आहे ती त्या दोघा मोठ्या माणसांकडे असणे शक्यच नव्हते. तो उजेड त्यांनी लावला होता, त्यात बसली होती ती.

'आताबाय' हा तिचा चित्रपट आला २०२०च्या, तेहरानच्या फज्र चित्रपट महोत्सवात, आणि तिथे तिने मला चकित केले. या चित्रपटात फारसी जवळजवळ नाही. इराणच्या वायव्य टोकाला, खोयच्या परिसरातल्या एका गावात तो घडतो आणि माणसे तिथली अझरी तुर्की बोलतात. तेहरानच्या प्रेक्षकांनाही तो खालची अक्षरे वाचत पाहावा लागला. मध्यभागी बाई नाही, तर चाळिशीच्या आसपासचा, शहरातून अपुरा होऊन परतलेला, रागीट आणि एकाकी पुरुष आहे. बहिणीच्या मृत्यूचा सल त्याच्या छातीत रुतलेला. पटकथा आणि मुख्य भूमिका दोन्ही हादी हेजाझीफर यांची. इतकी वर्षे जी बहुतेक पुरुष दिग्दर्शकांच्या नजरेसमोर उभी राहिली, तिने एका पुरुषाच्या चेहऱ्याकडे किती माया ठेवून पाहिले आहे! त्याचा राग ती झाकत नाही आणि त्याला माफही करत नाही. बागा, मातीच्या भिंती, मोकळे आकाश, आणि त्यात एक दांडगा माणूस आपले रडणे दाताखाली धरून उभा. हा चित्रपट मी रात्रीऐवजी दुपारी, खिडकी उघडी ठेवून पाहिला होता हे मला आठवते, कारण मध्ये मध्ये मी बाहेरच्या उन्हाकडे पाहत होते.

१४ ऑक्टोबर २०२३ रोजी दारियुश मेहरजुई आणि त्यांच्या पत्नी वहीदे मोहम्मदीफर यांची कराजजवळच्या त्यांच्या घरात हत्या झाली. ती बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती सारा. किआरोस्तमी २०१६ सालीच गेले होते. म्हणजे ज्या दोन माणसांनी करीमीला एकदा पुढून आणि एकदा मागून कॅमेरा दाखवला, ते दोघेही आता नाहीत. ती आहे.

या सगळ्याचा आईशी काय संबंध, असे मी स्वतःला विचारले होते. मग एका रविवारी दुपारी भाजी निवडताना मी तिला विचारले, की त्या रात्री तुला कसे कळले. ती म्हणाली, "ती सुईजवळ डोळा नेत होती. डोळ्याजवळ सुई न्यायची असते." एवढेच. मग थोडे थांबून तिने विचारले, "आता काय करते ती बाई?" मी म्हटले, सिनेमे काढते. स्वतःचे. आईने मेथीची काडी मोडली आणि म्हणाली, "मग दिवा कुठे ठेवायचा ते आता तीच सांगत असेल." मला तिला फीविषयी बोलायचे होते. 'आवड' या शब्दाविषयी बोलायचे होते. तो शब्द आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्यावर टाकला होता आणि तिने तो गुपचूप डोळ्यांवर घेतला होता. पण ती मेथी धुवायला उठली आणि ते राहिले.

परवा मला 'यक शब'ची एक जुनी, अंधुक प्रत मिळाली. रात्री ती लावली आणि या वेळी आईला मुद्दाम हाक मारली. हेडफोन काढून ठेवले. फारसी तिला कळत नव्हती, म्हणून मी हळू आवाजात सांगत गेले. मुलीला आई सांगते की आज घरी येऊ नकोस, कारण कुणीतरी येणार आहे, हे सांगताना माझा आवाज जरा अडखळला. आता आई काही कडक बोलेल असे मला वाटले. ती पडद्याकडे पाहत राहिली. "त्या आईलाही एखादी रात्र हवी असेल," ती म्हणाली. नंतर बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही. नेगार पहिल्या गाडीत बसली, उतरली, दुसऱ्या गाडीत बसली. आईने चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला आणि पुढे सरकली.

"सकाळी दार उघडते का ती आई?"

मी सांगितले नाही. आमच्या मागच्या दिव्याचा उजेड पडद्यावर चमकत होता. मी उठून तो तिच्या डाव्या बाजूला नेऊन ठेवला आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला.